डब्यातली पासबुकं: बँक, कर्ज आणि गुंतवणुकीची खाती एकदा नीट कशी लावायची

पाडव्याच्या आवराआवरीत गोदरेजच्या कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. आत सहा पासबुकं, रबर लावलेल्या ठेवींच्या पावत्या, मुदत संपलेली तीन एटीएम कार्डं आणि एक चेकबुक, ज्यातला एकही चेक फाडलेला नव्हता. सगळं माझंच. एक खातं पहिल्या नोकरीचं, एक दुसऱ्या नोकरीचं. एक गृहकर्ज घेताना गळ्यात पडलेलं. एक मावसभावाला बँकेत टार्गेट होतं म्हणून. एक मुलीच्या शाळेची फी तिथेच भरावी लागायची म्हणून. मला हवं होतं म्हणून उघडलेलं खातं एकच.

तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच असणार. खाती सहसा दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीने उघडली जातात आणि निस्तरायची वेळ आपल्यावर येते. म्हणून मी प्रत्येक खात्याला आधी विचारते, बाबा रे, तुला कोणी आणलं, आणि आता तुझं इथे काम काय? उत्तर आलं नाही की ते खातं बंद करायच्या यादीत. पण बंद करणं हे शेवटचं काम. त्याआधी बरंच काही आहे.

आधी वही

एक मोकळा रविवार आणि दोनशे पानी वही घ्या. एक्सेल येत असेल तर एक्सेल, पण घरातल्या दुसऱ्या माणसाला उघडता येईल असंच. डबे, फायली, पाकिटं, देवघराखालचा खण, जिथे जिथे कागद असतील ते सगळे जेवणाच्या टेबलावर आणा. एका खात्याला एक ओळ. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे:

‘बचत खातं, कराड शाखा, शेवटचे आकडे ४४१७. नाव माहेरचं. दुसरं नाव बाबा. नॉमिनी आई. मोबाइल जुना, बंद. शिल्लक २,३१६. कशासाठी: कॉलेजची स्कॉलरशिप.’

या एका ओळीत चार कामं दडली आहेत. नाव बदलणं, मोबाइल बदलणं, नॉमिनी बघणं आणि खातं ठेवायचं की नाही ते ठरवणं. म्हणून ‘मोबाइल’ आणि ‘कशासाठी’ हे रकाने गाळू नका. शिल्लक लिहिताना शेजारी तारीख घाला. पिन, पासवर्ड मात्र या वहीत अजिबात लिहायचे नाहीत. वही हरवली तर फक्त वही हरवावी.

डब्यात नसलेली खाती

खरी गंमत इथे आहे. आयकर खात्याच्या पोर्टलवर पॅनने लॉगिन करून एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडा. वर्षभरात तुमच्या पॅनवर कोणत्या बँकेने किती व्याज दिलं, कोणत्या कंपनीने लाभांश दिला, हे तिथे संस्थेच्या नावासकट दिसतं. रक्कम किरकोळ असली तरी. रिटर्न भरताना सीए हे बघतो आणि आपण बघत नाही. सोबत मागच्या दोन-तीन वर्षांचीही विवरणं चाळा.

माझ्या विवरणात बँक ऑफ बडोदाच्या नावाने ४१ रुपये व्याज होतं. त्या बँकेची मी कधी पायरीसुद्धा चढले नव्हते. जरा डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. दुसऱ्या नोकरीचा पगार देना बँकेत यायचा, आणि १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या दोन्ही बँका बडोद्यात विलीन झाल्या. पुढच्याच वर्षी १ एप्रिलला कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियन बँकेत गेल्या, सिंडिकेट कॅनरात, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. तुमच्या जुन्या पासबुकावर यांतलं एखादं नाव असेल तर पैसे कुठे गेले नाहीत, फक्त पाटी बदलली. त्या पासबुकावरचा आयएफएससी कोड मात्र आता वापरू नका.

दोन वर्षं तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नाही तर बँक खातं ‘इनऑपरेटिव्ह’ धरते. व्याज जमा झालं म्हणजे व्यवहार झाला, असं नाही. ते पुन्हा चालू करायला पैसे पडत नाहीत आणि अशा खात्यावर किमान शिलकीचा दंडही लावता येत नाही. आधार, पॅन, फोटो घेऊन जा आणि केवायसी द्या. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत जाते. तरीही ती तुमचीच राहते आणि तुमच्याच बँकेमार्फत परत मागता येते. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं. तिथे नावाने शोधता येतं. आईवडिलांची, वारलेल्या आजी-आजोबांची नावंही टाकून बघा, आणि स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाका. पोर्टल फक्त शोधून देतं. दावा बँकेतच करायचा.

नावाचा घोळ

याला वेगळी जागा द्यावी लागते, कारण आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे. पासबुकावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पॅनवर नाव आधी. आधारवर मधलं नाव गायब. लग्नानंतर बायकांचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, तेही काही कागदांवरच. संगणकाला तुम्ही तीन वेगळ्या बायका वाटता आणि म्युच्युअल फंडाची केवायसी अडकते.

आधी एक मुख्य नाव ठरवा. मी पॅनवरचं धरलं. मग आधार त्याला जुळवून घ्या आणि त्यानंतर बँका. उलट क्रमाने केलंत तर तीच फेरी दोनदा मारावी लागते. लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र यांच्या चार साक्षांकित प्रती एकदमच करून ठेवा. आणि जुनी सही! वीस वर्षांपूर्वी शाळेतल्यासारखी गोल अक्षरात केलेली सही आज जमत नाही. लाजू नका, शाखेत सांगून नवी सही नोंदवून घ्या.

बँका: किती ठेवायच्या

माझं मत स्पष्ट आहे. पगारदार माणसाला तीन पुरतात. एकात पगार आणि हप्ते. दुसऱ्यात महिन्याच्या खर्चाचे पैसे टाकायचे आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडायचं, म्हणजे भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंतचं सगळं एकाच स्टेटमेंटमध्ये येतं आणि फसवणूक झालीच तर तेवढ्यावरच भागतं. तिसरं घराजवळच्या शाखेत, जिथे लॉकर आहे आणि माणूस ओळखीचा आहे.

पगाराचं खातं पगार थांबला की काही महिन्यांत साधं बचत खातं होतं आणि तिथे किमान शिलकीचे नियम लागू होऊ शकतात. नोकरी बदललीत तर त्याच आठवड्यात निर्णय घ्या.

आता ठेवी. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेमागे, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंत देतं. शाखा कितीही असोत, बेरीज एकच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा १ लाख होती आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. सहकारी बँकाही या विम्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण ‘नागरी सहकारी बँक’ आणि ‘नागरी सहकारी पतसंस्था’ या पाट्या एकाच चौकात समोरासमोर असतात, दोन्हीकडे ओळखीचीच माणसं बसलेली असतात, आणि पतसंस्था एखादा टक्का जास्तही देते. पतसंस्थांवर सहकार खात्याची देखरेख असते. रिझर्व्ह बँकेचा त्यांच्याशी संबंध नाही. ठेव ठेवायची तर ठेवा, पण वहीत त्या ओळीपुढे ‘विमा नाही’ असं लाल शाईने लिहा. पिग्मीवाला रोज दारात येतो, तो कोणत्या पाटीचा, तेही एकदा विचारून घ्या.

घरातलं कोणी परदेशी स्थायिक झालं असेल तर त्याचं इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. ‘कोणाला कळतंय’ म्हणून तसंच ठेवलेली कित्येक खाती मला माहीत आहेत.

बंद करण्याआधी काय बघायचं

इथे मी स्वतः आपटले आहे, म्हणून जरा सविस्तर.

एक खातं मोठ्या उत्साहात बंद केलं. चेकबुक परत दिलं, कार्ड कात्रीने कापलं, शिल्लक घेतली. दोन महिन्यांनी आरोग्य विम्याचा हप्ता त्याच खात्यातून जायचा होता आणि तो परत गेला. विमा कंपनीचा एसएमएस माझ्या जुन्या नंबरवर. सवलतीच्या मुदतीतले एकोणीस दिवस उलटल्यावर एजंटचा फोन आला म्हणून पॉलिसी वाचली.

तेव्हापासून नियम असा. खातं बंद करण्याआधी त्याचं सलग बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढायचं, तेरा असेल तर उत्तम, म्हणजे वार्षिक कपाती निसटत नाहीत. पेन्सिल घेऊन एसीएच, नॅच, ईसीएस, एसआय असं लिहिलेल्या ओळींना, म्हणजे आपोआप होणाऱ्या कपातींना, खूण करायची. एसआयपी, विमा, वर्गणी, कर्जाचा हप्ता, सगळं सापडतं. यूपीआयच्या अॅपमध्ये ‘ऑटोपे’ वेगळं तपासा. हे सगळं नव्या खात्यावर हलवा, तिथून एकेक हप्ता प्रत्यक्ष जाऊ द्या, मगच जुन्याला हात लावा.

त्या स्टेटमेंटमध्ये ४३६ आणि २० हे दोन आकडे मुद्दाम शोधा. मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला दिसतील. ४३६ म्हणजे सरकारच्या जीवन ज्योती विम्याचा वार्षिक हप्ता, २० म्हणजे सुरक्षा विम्याचा. दोन्ही योजना चांगल्या आहेत आणि स्वस्त आहेत, पण एका माणसाला एकाच खात्यातून. नवऱ्याच्या दोन बँकांतून दरवर्षी ४३६ कापले जात होते. दोन ठिकाणी भरलं म्हणून विम्याच्या दोन लाखांचे चार लाख होत नाहीत. एक बंद करायला शाखेत एक अर्ज पुरला.

दुसरी तपासणी आधारची. सरकारी योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात येतात आणि ते कोणतं, हे आपल्याला आठवतं तेच असेल असं नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचा पहिला हप्ता आला तेव्हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चार दिवस बँकेत खेटे घालत होत्या. फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात पैसे नव्हतेच. ते गेले होते गावी उघडलेल्या जनधन खात्यात, ज्याचं पासबुक त्यांच्या जावेकडे होतं. माय-आधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की बँकेचं नाव दिसतं. ते खातं बंद करणार असाल तर आधी सीडिंग दुसरीकडे न्या. आयकराचा परतावा कोणत्या खात्यात येणार, तेही त्यांच्या पोर्टलवर बदला.

कर्ज आणि कार्डं

क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या संस्था चार आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट दिलाच पाहिजे. चारही एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवा. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. तो फक्त संस्थेच्या स्वतःच्या साइटवरून काढा; ‘फुकट स्कोअर’ दाखवणारी अॅपं कर्ज विकायला बसलेली असतात.

स्कोअरचा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. तो सोडा, खालची पानं वाचा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का? ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लिहिलंय का? सेटल्ड म्हणजे पूर्ण फेड न होता तडजोड झाली असा अर्थ निघतो आणि पुढची बँक नाक मुरडते. तुम्ही कधी न घेतलेलं कर्ज आहे का? आणि तुम्ही कोणाला जामीन राहिलात का? ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या कर्जावर चहा पिता पिता केलेली सही इथे तुमच्या नावाखाली उभी असू शकते. चूक असेल तर त्याच संस्थेकडे ऑनलाइन तक्रार नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

क्रेडिट कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद केलं पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे. म्हणून विनंती लेखी करा, ईमेलने, तारखेसकट. फोनवर ‘मॅडम, एक ऑफर आहे’ सुरू होतं आणि आपण विरघळतो. सगळ्यात जुनं कार्ड मात्र, वार्षिक फी नसेल तर, राहू द्या; पत किती जुनी आहे तेही मोजलं जातं.

गृहकर्ज फिटलं की मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळायला हवीत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये. शेतीवरच्या कर्जात आणखी एक शेपूट असतं. बाबांचं पीककर्ज फिटून बरीच वर्षं झाली होती, नो ड्यूज घरात होतं, पण सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा तसाच. जमिनीचा व्यवहार निघाल्यावर लक्षात आलं. बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्यावा लागला. सातबारा ऑनलाइन दिसतो. आजच बघून टाका.

गुंतवणूक

म्युच्युअल फंडांचे कागद शोधत बसू नका. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेक या कंपन्यांच्या साइटवर पॅन आणि ईमेल टाकला की एकत्रित स्टेटमेंट मिळतं, सगळ्या फंडांचं. अडचण एकच, त्या ईमेलची नोंद फोलिओत, म्हणजे फंडातल्या तुमच्या खात्यात, असावी लागते. जुन्या ऑफिसचा ईमेल दिला असेल तर आधी तो बदला. डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं इलेक्ट्रॉनिक खातं, असेल तर ती खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येणाऱ्या स्टेटमेंटमध्ये शेअर आणि फंड एकत्रच दिसतात. झोपलेले फोलिओ शोधायला सेबीने २०२५ मध्ये ‘मित्र’ ही सोयही आणली आहे.

यादी हातात आली की विकायची खाज सुटते. थांबा. आज नुसतं लिहायचं. वर्षाच्या आत विकलं तर अनेक इक्विटी फंड एक टक्का एक्झिट लोड कापतात. करबचतीच्या फंडात प्रत्येक हप्त्याला तीन वर्षांची कुलूपबंदी असते. फक्त दोन गोष्टींवर खूण करा: एकाच जातीचे तीन-चार फंड, आणि नावात ‘रेग्युलर’ असलेले. रेग्युलर म्हणजे त्यातून वितरकाला कमिशन जातं. तो माणूस तुमची कामं करत असेल तर खुशाल जाऊ द्या. तोंडही दाखवत नसेल तर पुढचे हप्ते ‘डायरेक्ट’मध्ये.

पीएफसाठी यूएएनने, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाने, पासबुक उघडा आणि मागच्या कंपन्यांची खाती आताच्या खात्यात आली का ते बघा. पीपीएफ एका माणसाचं एकच चालतं; पोस्टात एक आणि बँकेत एक असेल तर आत्ताच तिथे जाऊन बोला. वर्षाला किमान ५०० न भरल्याने बंद पडलेलं पीपीएफ चुकलेल्या दर वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरून जिवंत होतं. पडून असलेली जादा डीमॅट खाती बंद करा, त्यांची वार्षिक फी गुपचूप साठत राहते. कंपन्यांचे कागदी शेअर सापडले तर फेकू नका. सात वर्षं न घेतलेला लाभांश, आणि त्याबरोबर ते शेअरही, सरकारच्या आयईपीएफ, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत, जातात. तिथून ते मागता येतात. वेळखाऊ आहे, पण मिळतात.

नॉमिनी

वहीतला हा रकाना शेवटी सलग वाचा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर आई, कुठे वारलेले काका, कुठे कोरं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते. ते कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअरबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. भावाभावांत भांडणं इथेच होतात. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत वेगवेगळी नावं असतील तर घरात आधीच बोलून ठेवा.

कोणत्याही टप्प्यावर बँक दाद देत नसेल तर लेखी तक्रार करा, तीस दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. फी नाही. आणि बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या पाठीवरचाच लावा.

कराडचं ते ४४१७ मी मे महिन्यात बंद केलं. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म घेतला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, “ताई, राहू द्या की. या महिन्यात तीन बंद झाली, साहेब ओरडतात.” मावसभाऊ आठवला. २,३१६ वर थोडं व्याज मिळालं, ते आईच्या हातात दिलं. वहीच्या मागच्या पानावर अजून चार कामं आहेत: शाळेचं खातं, नवऱ्याचं जुनं डीमॅट, सासूबाईंच्या दोन ठेवींवर नॉमिनी, आणि सिबिलमध्ये फिटूनही चालू दिसणारं स्कूटरचं कर्ज. त्या तक्रारीचा आज बावीसावा दिवस.